खानबालिकचा बिशप

इ. स. १३०५ च्या ८ जानेवारीस खानबालिक नगरांत, म्हणजे आजच्या बीजिंगांत, एक इटालियन साधु पत्र लिहावयास बसला. वय अवघें अठ्ठावन्न. पण केस पांढरे झाले होते, आणि ते वयापेक्षां कष्टांनींच, असें त्यानें स्वतः नमूद केलें आहे. पोपच्या दरबारची वार्ता कानीं पडून बारा वर्षें लोटलीं होतीं. हा माँटेकॉर्विनोचा जॉन. अपरिग्रहाचें व्रत घेतलेल्या सेंट फ्रान्सिसच्या संघाचा अनुयायी.

पोप चौथा निकोलस यानें इ. स. १२८९ मध्यें त्यास कुब्लाईखानाकडे पत्रें देऊन धाडिलें. इराणांतून निघून तो हिंदुस्थानांत आला व तेरा महिने राहिला. येथेंच त्याचा सोबती निकोलस निवर्तला. पुढें चीन गांठावें तों इ. स. १२९४ मध्यें कुब्लाईच कालवश झाला. जॉनचें स्वागत केलें तें त्याचा नातू तेमूर यानें.

राजाश्रय मिळाला, तरी मार्ग निष्कंटक नव्हता. तेथें आधींपासून वसलेल्या नेस्टोरियन ख्रिस्त्यांनीं आळ घेतला कीं, हा हेर आहे. खऱ्या वकिलाचा हिंदुस्थानांत खून करून यानें नजराणे लुबाडले. सुमारें पांच वर्षें हा ससेमिरा सुटला नाहीं. अखेर एकाच्या कबुलीमुळें तो निर्दोष ठरला.

तशांतहि त्यानें चर्च बांधून मनोऱ्यांत तीन घंटा चढविल्या, तार्तर भाषा शिकून नव्या कराराचें व स्तोत्रांचें भाषांतर केलें. सात ते अकरा वर्षांचीं चाळीस मुलें विकत घेऊन त्यांस लॅटिन व ग्रीक अक्षरें शिकविलीं. मुलांची ही खरेदी आज कोणासहि रुचणार नाहीं. परंतु अकरा वर्षें दुसरा संघबंधु न भेटलेल्या त्या पुरुषाच्या प्रार्थनेंत सूर मिसळीत, तीं हींच मुलें.

त्याचीं पत्रें टोलेंटिनोच्या टॉमस नांवाच्या साधूनें पोपपर्यंत पोंचविलीं. पांचवा क्लेमेंट यानें इ. स. १३०७ मध्यें जॉनला आर्चबिशप केलें आणि त्याच्या साह्यास सात बिशप नेमले. त्यांतले पोंचले तिघेच. आणखी तिघे वाटेंत हिंदुस्थानांतच मरण पावले. टॉमसहि पुढें चीनकडे निघाला, पण इ. स. १३२१ मध्यें, काजीपुढें झालेल्या धर्मवादानंतर, आपल्या ठाणें बंदरीं तीन सोबत्यांसह मारला गेला. त्यांच्या अस्थि ओडोरिक नामक प्रवाशानें चीनच्या झैतून बंदरीं नेल्या. जिवंतपणीं जो प्रवास पुरा झाला नाहीं, तो असा पुरा झाला.

इ. स. १३२८ च्या सुमारास जॉन वारला. १३३६ मध्यें तेथील आलान सरदारांनीं पोपला कळविलें कीं, आठ वर्षें आम्हांस कोणी धर्मगुरु नाहीं. मारिन्योली नामक दूत तेथें पोंचला तो १३४२ मध्यें. १३६८ त मोंगल सत्ता उलथली आणि हें धर्मपीठहि लयास गेलें. एका माणसाच्या चिकाटीनें जें उभें राहिलें, तें टिकविण्यास माणसांची अखंड रांग हवी होती. आणि ती रांग वाटेंतच तुटत राहिली.