दमगिरी

येत्या ऑगस्टमध्ये भाचा आणि मी लडाखच्या मारखा खोऱ्यात ट्रेकला जाणार आहोत. वाटेत पाच हजार मीटरहून उंच कोंगमारू ला ही खिंड आहे. भाचा पंचवीस वर्षांचा, दर रविवारी सिंहगड चढतो. तो म्हणाला, “मामू, लेहमध्ये तीन दिवस बसून काय करायचं? सुट्टी वाया जाईल. उतरलो की दुसऱ्या दिवशी चालायला लागू.”

मी त्याला सुलतान सईद खानाची हकिकत सांगितली.

सईद खान यारकंदचा सुलतान. 1532 मध्ये तो लडाखवर चालून आला. त्या काळी या भागाला तिबेटच म्हणत. मोहिमेला जिहादचे नाव होते. ते नाव मी झाकणार नाही आणि त्याचे गोडवेही गाणार नाही. सोबत होता मिर्झा हैदर दुघलत, बाबराचा मावसभाऊ. पुढे काश्मीरवर राज्य करताना त्याने फारसीत ‘तारीख-ए-रशिदी’ हा इतिहास लिहिला. त्यात या वाटेवरच्या एका आजाराचे वर्णन आहे. त्याला तो ‘दमगिरी’ म्हणतो, म्हणजे श्वास पकडणारा आजार.

मिर्झा लिहितो, की ओझे घेऊन चढण धावत चढल्यासारखा दम लागतो, झोप उडते, हातपाय सुजतात, माणूस बरळू लागतो. हा आजार परक्यांनाच होतो, स्थानिकांना होत नाही. थंडीत तो वाढतो. रोगी वेळेत गावात किंवा किल्ल्यात पोहोचला तर वाचण्याची आशा असते, नाहीतर मरतो.

यारकंद सुमारे 1200 मीटरवर आहे आणि काराकोरम खिंड साडेपाच हजारांवर. फौजेकडे घोडे होते, शस्त्रे होती. शरीराला उंचीची सवय होऊ देण्याची कल्पना मात्र नव्हती. येतानाच खान आजारी पडला होता, खाली उतरल्यावर सावरला. 1533 मध्ये परतताना त्याच उंचीवर दमगिरीने त्याचा जीव घेतला. आज बातम्यांत ऐकू येणाऱ्या दौलत बेग ओल्दी या ठिकाणाच्या तुर्की नावाचा अर्थ ‘थोर, श्रीमंत माणूस मेला ती जागा’ असा सांगतात. परंपरेनुसार हा माणूस म्हणजे सईद खानच.

कारण कळायला पुढे तीन शतके लागली. 1878 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी प्रयोगांनी दाखवले, की उंचीवर हवेचा दाब घटतो आणि शरीराला प्राणवायू कमी पडतो. पाच हजार मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. म्हणून आजचे डॉक्टर सांगतात, की तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती हवी, आणि लक्षणे वाढली तर लगेच खाली उतरायचे. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या. सिंहगडच्या सरावाने पाय मजबूत होतात. दमगिरी मात्र पाय बघत नाही. तरुण, धडधाकट माणसालाही ती होते, आणि असा माणूस अंगातल्या जोरावर भराभर वर जातो म्हणून जास्त धोक्यात असतो.

भाच्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, “खानाला कुणी थांब म्हटलं नाही का?”

सुलतानाला थांब कोण म्हणणार? भाच्याला मात्र मामू म्हणू शकतो. दम धर, एवढेच मी म्हणालो. परतीचे तिकीट आम्ही तीन दिवस पुढे ढकलले आहे.