वत्सगुल्माचा कवी आणि त्याचे परीक्षक

1998 साली जिल्ह्याचे ठाणे झालेल्या वाशीम शहरात 1939 मध्ये जो ताम्रपट सापडला, तो वरकरणी निव्वळ दप्तरी लेख. विंध्यशक्ती दुसरा या वाकाटक राजाने आपल्या राज्याच्या 37व्या वर्षी नांदेडकडील एक गाव ब्राह्मणांस इनाम दिल्याची, आणि त्यात फौजेच्या प्रवेशासह नाना उपद्रवांची माफी असल्याची ती सनद. परंतु तिच्या वंशावळीत दात्याचा पिता म्हणून सर्वसेनाचे नाव आल्यामुळे, वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम येथून राज्य करणाऱ्या शाखेचा मूळपुरुष निश्चित झाला. आणि साहित्यशास्त्रकारांनी वारंवार उल्लेखिलेल्या ‘हरिविजय’ या महाराष्ट्री प्राकृत काव्याचा कर्ता हाच चौथ्या शतकातील राजा होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांना साधार प्रतिपादन करता आले.

रुसलेल्या सत्यभामेच्या समाधानासाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणावा, एवढेच या काव्याचे कथानक. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनांनी, रसाला अनुकूल व्हावी म्हणून परंपरागत कथेत फेरफार करणाऱ्या कवींत कालिदासाबरोबर सर्वसेनाची गणना केली, आणि पुढे कुंतकानेही सुकुमार मार्गाचे उदाहरण देताना हीच दोन नावे घेतली. राजकवीला दरबारात दाद मिळते, यात नवल ते काय. पण वाकाटकांचे राज्य लयास जाऊन शतके लोटल्यावर परमुलखातून आलेली ही दाद मला अधिक वजनाची वाटते.

बाराव्या शतकातील गुजरातचे आचार्य हेमचंद्र मात्र इतके प्रसन्न नव्हते. सत्यभामेच्या अनुनयाचा प्रसंग रंगात आला असता, केवळ गलितक नावाच्या गेय, यमकप्रचुर रचनेच्या हौसेपायी कवीने समुद्राचे वर्णन लांबवले, आणि ते काव्यदेहावर गाठीसारखे वाढले, असा त्यांचा आक्षेप. मुंबईच्या ‘स्क्राइब’ मंडळींनी 2010 साली ‘मार्क ऑफ तेजा’ हा अल्बम काढला, त्या मेटलकोअर नामक कर्कश संगीतप्रकाराच्या श्रोत्यांत, गाण्याची गती एकाएकी जड करणारा ‘ब्रेकडाउन’ हा त्याचा प्राण की व्यत्यय, याविषयी जो कलह चालतो, तो जातीने याहून निराळा नाही.

मौज अशी की, हेमचंद्रांच्याच ग्रंथात अन्यत्र, ‘हरिविजय’, ‘सेतुबंध’ आदी काव्यांतील गलितके स्वतःस विदग्ध मानणाऱ्या कोणी मागाहून घुसडली, असे जाणकारांचे मत नमूद आहे. म्हणजे एका ठिकाणी ज्या हौसेबद्दल कवी दोषी ठरला, तिच्याच आरोपातून दुसऱ्या ठिकाणी तो सुटतो. माझा कल पहिल्या मताकडे आहे. कारण प्रसंगासाठी जुनी कथा वाकवणाऱ्या कवीने, सूर लागला असता, समुद्रापाशी चार घटका अधिक रेंगाळणे स्वभावाला धरूनच आहे. मूळ काव्य लुप्त झाल्याने हा दावा निकालात निघणे कठीण. भोजाच्या ‘शृंगारप्रकाशा’त आणि इतर अलंकारग्रंथांत उदाहरणांदाखल घेतलेली पद्ये वि. म. कुलकर्णी यांनी परिश्रमपूर्वक एकत्र केली, तेवढाच आज आपल्या हाती असलेला ‘हरिविजय’.