वाचाळांची नामावळी

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात येऊन भोसरी-आकुर्डीची जिराइती शिवारे हळूहळू यंत्रांच्या स्वाधीन झाली, आणि १९७० साली या गावांची नगरपालिकाही झाली. परंतु अतिबोलक्या मनुष्यास कोणत्या नावाने संबोधावे, या बाबतीत मात्र येथील लोकांनी जुनी वहिवाट सोडली नाही.

तेच तेच सांगणारा 'दळण दळतो', न संपणारी हकीकत सांगणारा 'चऱ्हाट' लावतो, चार जण निष्फळ वाद घालीत बसले की त्यांचे 'गुऱ्हाळ' होते, आणि क्षणभरही न थांबणाऱ्याची 'टकळी' सुरू असते. जाते, वाखाचा दोर, उसाच्या रसाची काहील आणि सुताची चाती यांचा परस्परसंबंध शोधू गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते: ही सारी दीर्घ, कंटाळवाणी आणि हात गुंतवून तोंड मोकळे ठेवणारी कामे आहेत. बडबडीस त्यांची नावे बहाल झाली ती केवळ लांबीच्या साम्यामुळे नव्हे, तर मूळची बडबड तेथेच होत असे म्हणून, असे मला वाटते.

देहू, आळंदी आणि मोरया गोसावींचे चिंचवड ज्या मुलखात आहे, तेथे पाल्हाळिकाने 'पुराण' लावले, 'आख्यान' लावले असे म्हणावे, यात नवल ते काय? रात्र रात्र कीर्तनास बसणाऱ्यांनाच ही थट्टा शोभते.

कारखान्यातील यंत्रांच्या गदारोळात मात्र शेजाऱ्याचाही शब्द ऐकू येत नाही. संभाषणाचा सारा व्यवहार कँटीन आणि कंपनीची बस यांच्याकडे गेला. म्हणूनच की काय, यंत्रयुगाने या नामावळीत फारशी भर घातली नाही: 'भोंगा', 'रेडिओ', 'टेप', बस्स. पुढे चाकणच्या कांदाबाजाराशेजारी मोटारींचे कारखाने आले आणि परप्रांतीय कामगारांची वस्ती वाढली. आता हिंदीच्या वळणाचे 'पकवणे' आणि 'पकाऊ' येथील तरुणांच्या तोंडी सर्रास ऐकू येतात.

'तोंडाचा पट्टा' हा एक तेवढा वादग्रस्त दाखला. मला त्यात मराठ्यांचा दांडपट्टाच दिसतो. परंतु जन्मभर असेंब्ली लाइनवर उभ्या राहिलेल्या कामगारास तो सरकता पट्टा वाटला, तर त्याचा दावा फेटाळण्याइतका पुरावा माझ्या दफ्तरात नाही.