किड्यांचे दप्तर

तलाठ्याच्या दप्तराचे महत्त्व तुम्हांला सांगायला नको. कोणत्या साली शेतात कोणते पीक होते, ते सातबाऱ्यावर सापडते. पण त्या पिकावर कोणता किडा होता, ते कुठे पाहायचे? त्यासाठी विद्यापीठांतून कीटकसंग्रह जपतात.

औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ पासून त्याच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ निघाले. मराठवाड्याच्या मुलांना कीटकशास्त्र शिकण्याची सोय अशी घराजवळ आली. पुस्तकातले चित्र पाहून किडा नीट ओळखता येत नाही. त्यासाठी संग्रहाची पेटीच समोर लागते.

त्या पेटीत असते काय? टाचणीवर वाळवलेला भुंगा, पंख पसरलेला पतंग, आणि प्रत्येकाखाली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर गाव, तारीख, पीक आणि गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठी असेल तर भुंगा साक्षीदार; ती हरवली की त्याची साक्ष गेली!

आपल्या कपाशीची वैरीण गुलाबी बोंडअळी घ्या. १८४२ साली भडोचकडच्या कपाशीवरचे तिचे नमुने विलायतेस गेले, आणि १८४३ साली सॉन्डर्स नावाच्या अभ्यासकाने तिचे वर्णन करून तिला शास्त्रीय नाव दिले. तिची नोंद इतकी जुनी आहे.

आता मक्याचे पाहा. लष्करी अळी आपल्याला जुनीच. पण २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे जी सापडली, तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके होते. ही अमेरिकेतली जात. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली. जुने नमुने आणि वर्णने यांच्याशी ताडल्यावाचून असा नवा पाहुणा ओळखायचा कसा? आणि नाव चुकले की उपाय चुकतो. फवारणीचा पैसा मातीत जातो.

हे दप्तर मात्र नाजूक. कपाटाकडे दुर्लक्ष झाले, की बारीक भुंगेरे आत शिरून वाळलेल्या नमुन्यांचा भुगा करतात. म्हणून झडती वरचेवर घ्यावी लागते.

गुरुजी, तुमच्या शाळेतही एक वही ठेवा. मुलांना किडे मारायला लावू नका. काही फुलपाखरांना तर कायद्याचेच संरक्षण आहे. पाहिलेला किडा, तारीख, शिवार आणि पीक एवढे मुलांनी लिहिले तरी पुष्कळ. अनोळखी अळी दिसली, तर ती झाकणाच्या बाटलीत घालून, चिठ्ठी लावून कृषी सहायकाकडे पोचवा. वीस वर्षांनी कोणी विचारील, ही कीड आपल्या गावात केव्हा आली? उत्तर तुमच्या वहीत असेल.