तळटीप १७

१७. ‘आपल्याकडची पोर’ : अभिनेत्री स्मिता पाटील (१९५५–१९८६). जन्म पुण्याचा, पण वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे शिरपूरचे. लेखकाचे एदलाबाद (आजचे मुक्ताईनगर) जुन्या पूर्व खानदेशात आणि शिरपूर पश्चिम खानदेशात. त्यामुळे लेखकाचे ‘आपल्याकडची’ जरा ऐसपैसच आहे. तापीचे खोरे एकच, एवढा आधार मात्र त्याला आहे.

‘बातम्यांतली’ हे विशेषण खरे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि सुरुवातीच्या वर्षांत स्मिता तेथे मराठी बातम्या वाचत. जीन्सवरच घाईघाईने हातमागाची साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत, असे सांगतात. पडद्यावर कंबरेखालचे दिसत नसे, म्हणून निभावले. श्याम बेनेगलांनी त्यांना ‘चरणदास चोर’मध्ये (१९७५) घेतले. हंसा वाडकरांच्या आत्मकथेवर बेतलेला ‘भूमिका’ (१९७७) आणि नंतर ‘चक्र’, या दोन चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मराठीत ‘जैत रे जैत’ (१९७७) व ‘उंबरठा’ (१९८२). दोन्हींचे दिग्दर्शक जब्बार पटेल. सत्यजित राय यांचा ‘सद्गति’ (१९८१) हा चित्रपट दूरदर्शनसाठीच केलेला होता. लेखकाने त्याला ‘थेटरातला’ म्हटले आहे, ती नजरचूक.

पद्मश्री १९८५. बाळंतपणानंतर अवघ्या पंधरवड्यात, १३ डिसेंबर १९८६ रोजी, निधन. ‘मिर्च मसाला’ त्यानंतर पडद्यावर आला.