किंग्ज हाउसमधल्या ओल्या चादरी

कवी विल्यम वर्डस्वर्थची बहीण डोरोथी हिने १८०३ मधल्या स्कॉटलंडच्या प्रवासात काहीही टिपून ठेवले नव्हते. आपण लिहितो आहोत ती रोजनिशी नाही, आठवणी आहेत, असे तिने घरी परतल्यावर एका मैत्रिणीला पत्रातून स्पष्ट कळवले होते. पहिला भाग तिने १८०३ संपण्याआधी लिहून काढला, शेवट मात्र ३१ मे १८०५ रोजी हातावेगळा झाला. हे लेखन पुस्तकरूपाने आले १८७४ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी. ग्लेन्को खोऱ्याच्या पूर्वेकडील तोंडाशी असलेल्या किंग्ज हाउस या सराईतल्या एका रात्रीची हकीकत त्यातूनच हाती येते. म्हणजे साक्षीदार एक, आणि तीही आठवून सांगणारी.

तेव्हा आधी तारीख तपासू. मुक्काम शनिवार, ३ सप्टेंबर १८०३ चा, असे डोरोथी म्हणते. इंग्रज आणि मराठे यांच्यातली असईची लढाई त्याच महिन्याच्या २३ तारखेला, शुक्रवारी झाली. त्यावरून मागे मोजले की ३ तारखेला शनिवारच येतो. दुसरी खूण चंद्राची. रात्री उशिरापर्यंत खिडकीबाहेरचा माळ चांदण्याने उजळला होता, असे ती लिहिते. १७ ऑगस्टला सूर्यग्रहण झाले होते, म्हणजे अमावास्या. मग पौर्णिमा १ सप्टेंबरच्या सुमारास. तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर थोड्याच वेळात चंद्र वर यायला हवा, आणि तिच्या वर्णनात तो तसा आहे. दोन्ही कसोट्यांना साक्ष उतरते.

प्रवासी दोघे होते. डोरोथी ३१ वर्षांची, भाऊ विल्यम ३३ चा. विल्यमची पत्नी मेरी अडीच महिन्यांच्या बाळासह ग्रासमीरला घरीच राहिली होती. सोबत निघालेला कवीमित्र कोलरिज २९ ऑगस्टला वेगळा झाला होता. त्या दिवशी बहीणभाऊ बॅलाहूलिशहून निघून, एका घोड्याच्या गाडीने ग्लेन्को खोरे ओलांडून संध्याकाळी येथे पोचले.

लांबून घर भरभक्कम दिसले: चौकोनी, मोठे, वादळापासून बचावासाठी निळसर पाट्यांनी मढवलेले. जवळ गेल्यावर बाहेरूनच आतल्या दैन्याची कल्पना आली. गाईसाठी साधे कुंपण नाही. बटाट्याचा एक चिमुकला वाफा, त्यालाही अजून फुले धरलेली नव्हती. दारातून आत शिरताच नुकत्याच मारलेल्या दोन मेंढ्या टांगलेल्या, हाडांवर जेमतेम मांस. मग चाळिशीची एक बाई गेलिक भाषेत ओरडत धावत आली. वरच्या मजल्यावर ओळीने पलंग मांडलेल्या लांबलचक खोल्या, बाकी सामान जवळपास नाहीच आणि जमिनी घाण. पाऊण तास दोघे कुडकुडत बसले. शेकोटीची खोली हवी होती, पण तिथले दोन वाटसरू व्हिस्की संपवून उठेपर्यंत थांबणे भाग होते. अंडी नाहीत, दूध नाही, बटाटे नाहीत, पाव नाही. म्हणून चहाही नाही. आणखी तासाभराने जेवण आले: चावता न येणारे मेंढीच्या खांद्याचे मांस आणि नुसत्या पाण्याच्या चवीचे जवाचे सूप. शेवटी चादरी आल्या त्या ओल्याचिंब. खाली मळतील म्हणून बाईने त्या डोरोथीलाच शेकोटीपुढे वाळवायला सांगितल्या. जळण म्हणून आणलेली दलदलीतली मातीही ओलीच होती. झोपायला फार उशीर झाला.

पाऊण तास, एक तास असे आकडे मागाहून केवळ आठवणीने लिहिलेले आहेत, त्यामुळे घड्याळाला लावून पाहू नयेत. गैरसोयींचा क्रम मात्र खरा वाटतो, कारण त्यामागचे कारण तिच्याच मजकुरात आहे. घर गुराख्यांनी, मालवाहूंनी, घोडेस्वारांनी भरलेले होते. किंग्ज हाउस लष्करी रस्त्यावर होते, आणि डोंगरातली गुरे दक्षिणेकडे हाकण्याची वाटही तिथूनच जात असे. फॉल्कर्कचा मोठा गुरांचा बाजार ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरात भरे. गर्दीचा संबंध या हंगामाशी असावा, हा माझा तर्क; डोरोथी तसे म्हणत नाही. एवढ्या गर्दीचे जेवण करायला घरात बाईमाणूस एकच, हे मात्र त्या बाईने तिला स्वतः सांगितले होते.

मग वाईट जेवणामुळेच ही रात्र इतकी कडू झाली का? तसे म्हणायला दुसऱ्या दिवसाची सकाळ आड येते. ४ सप्टेंबरला त्यांनी पुढच्या वाटेवर इन्व्हरोरनच्या सराईत न्याहारी केली. लोणी खाण्याजोगे नव्हते, जवाच्या भाकरीला कुबट वास, ओटची भाकरी दाताला दाद देईना, घरात अंडी चारच आणि तीही दगडासारखी उकडलेली. तरीही या घराचे वर्णन प्रसन्न आहे. शेकोटीभोवती कोंडाळे करून मांडीवर लापशीची लाकडी भांडी घेतलेले सातआठ गुराखी, त्यांचे कुत्रे, जमिनीवर खेळणारी मुले, हे सारे तिला आवडले. इन्व्हरोरनच्या घराने आधी कसलाही आव आणला नव्हता. किंग्ज हाउस नावानेही मोठे होते आणि लांबून इमारतीनेही.

त्या बाईबद्दल डोरोथीची लेखणी आधी बोचरी होते, तिच्या आवाजाला ती मोराच्या ओरडण्याशी नेऊन भिडवते. पण पुढे तिचे म्हणणेही नोंदवते. आपण फक्त नोकर आहोत, पाच वर्षे इथे आहोत, लहानपणीही इथेच होतो, मालक मात्र सारखे बदलत असतात, असे बाईने सांगितले. माझ्या मते या साऱ्या हकिकतीतला सर्वांत मोलाचा पुरावा हाच आहे. जुना चाकर एकच आणि मालक येऊन जाऊन, अशा घरात जळण वेळेवर वाळवून ठेवणे आणि चादरींची निगा राखणे हे कोणाचे काम, याला उत्तरच नव्हते. दोष द्यायचाच तर तो बदलत्या मालकांना द्यावा लागेल, आणि त्यांच्यापैकी कोणाचेही नाव डोरोथीच्या मजकुरात नाही.