पीकविमा आणि मनुष्यस्वभाव

एकाच सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं पावसाची झोड उठते, आणि माण-खटावचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून पेरणी करतो. नवें बियाणें किंवा महाग खत घेण्यास तो कचरतो, तें अज्ञानामुळें नव्हे. एक हंगाम बुडाला तर घर बुडतें, हा हिशेब त्याला पक्का ठाऊक असतो.

हा भार विम्यानें हलका करावा, अशी योजना म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनीं १९२० सालीं मांडली. त्याच सालीं साताऱ्यास विनायक महादेव दांडेकर यांचा जन्म झाला. पुढें ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाले.

१९७२ सालीं गुजरातेंत कापसाच्या विम्याचा प्रयोग सुरू झाला. त्यांत प्रत्येकाचें नुकसान निराळें मोजीत. पण जमलेल्या हप्त्यांच्या सुमारें आठपट भरपाई द्यावी लागली. तो प्रयोग चालू असतांनाच, १९७६ सालीं, दांडेकरांनीं लेख लिहून निराळा मार्ग सुचविला. आपली खोट दुसरा भरून देणार, हें ठाऊक असलें कीं खुरपणीस हात सैल पडतो, हा मनुष्यस्वभावच होय. यास्तव भरपाई सारख्या हवापाण्याच्या सबंध टापूच्या सरासरी उत्पन्नावरून ठरवावी. म्हणजे कष्टाळूच्या कष्टाचें फळ त्याचें त्यालाच मिळेल. १९७९ ची प्रायोगिक आणि १९८५ ची सर्वंकष योजना याच तत्त्वावर उभारल्या गेल्या.

तथापि, टापूचें पीक साधलें आणि एकट्याचेंच शेत गारांनीं झोडपलें, तर सरासरी त्याचे अश्रू पुसत नाहीं. म्हणून पुढील योजनांत स्थानिक आपत्तीपुरती शेतवार पाहणी पुन्हां आणावी लागली. विश्वास आणि सावधगिरी यांचा मेळ घालणें, हें या शास्त्राचें जुनेंच कोडें आहे.